झेलांचा आकडा आणि झेलदर
द्रविडचे कसोटीतले झेल २१०, रहाणेचे १०२. एवढ्यावर ठाण्यातल्या नौपाड्याच्या कट्ट्यावर कोण सरस याचा निकाल लागतो. पण द्रविड १६४ कसोटी खेळला, डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे ८५. झेलदर (सामन्यामागे झेल) काढला तर १.२८ आणि १.२०, फरक किरकोळ. गोखले रोडवर दिवसभर चालणारी आणि फक्त संध्याकाळी लागणारी वडापावची गाडी, यांचा गल्ला तासावारीच ताडून पाहावा लागतो, तसेच हे.

झेलदरही अर्धेच सांगतो. स्लिपमध्ये (यष्टिरक्षकाशेजारची जागा) बॅटची कड घेतलेले चेंडू येतात. सीमारेषेवरच्याला तेवढी संधीच नसते. सुटलेले झेल तर धावफलकात दिसतही नाहीत. २०१५ साली गॉलला रहाणेने एका कसोटीत ८ झेल टिपले, यष्टिरक्षक वगळता हा तेव्हाचा विक्रम; पण चेंडू वळवणाऱ्या अश्विन-मिश्रा या गोलंदाजांचाही त्यात वाटा होताच.