मूलभूत चौकटीनंतरची पन्नास वर्षे

सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने दिला. संसदेला घटनादुरुस्ती करता येईल, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही, असा तो निकाल. बलाढ्य सरकारला अडवल्याबद्दल त्याचा गौरव होतो, आणि तो रास्तच आहे. मात्र त्यामागची राजकीय जाण दुर्लक्षित राहते. सरकारच्या बहुतेक दुरुस्त्या तेव्हा टिकल्याच; न्यायालयाने स्वतःकडे राखला तो यापुढचा अखेरचा शब्द. सरकारला हे नेमके उमगले. लगेच तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश नेमले गेले.

तीन वर्षांत कसोटी आली. आणीबाणीतल्या स्थानबद्धांना दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात आल्यावर, वैरापोटी एखाद्या पोलिसाने कुणाचा जीव घेतला तर काय, असे न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले, तेव्हा ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी आणीबाणी असेपर्यंत त्यावर उपाय नाही, असे भर न्यायालयात सांगितले. हे ऐकूनही चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने कौल दिला. विरोधात एकटे खन्ना; पुढे सरन्यायाधीशपद नाकारून त्यांना त्याची किंमत मोजायला लावली गेली.

न्यायालय स्वतः टिकले तरच नागरिकाला वाचवील, असा यावरचा युक्तिवाद असतो. पण अधिकार कमी आणि बदलीची टांगती तलवार असलेली उच्च न्यायालये उभी राहिली होती, हे तो विसरतो. न्यायाधीश पक्षपाती असतात, असे मला म्हणायचे नाही. संस्था आपली सत्ता जपताना जेवढी तत्पर असते, तेवढी इतरांसाठी नसते, एवढेच दिसते. न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरकारलाही वाटा देणारा न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये अंमलात आल्यापासून जेमतेम सहा महिन्यांत रद्द झाला. नोटाबंदीच्या वैधतेचा निकाल सहा वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये लागला. तोवर ठरवण्यासारखे काही उरलेच नव्हते. निवडणूक रोखे २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरले, हे श्रेय न्यायालयाला द्यायलाच हवे, पण मधली २०१९ ची लोकसभा निवडणूक त्याच रोख्यांवर पार पडली होती. आणि कोणते प्रकरण कोणत्या पीठापुढे जाणार, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या सरन्यायाधीशांचा, हेही २०१८ मध्ये न्यायालयानेच ठरवले आहे.