गुडविलचे पैसे कोण देणार?

चांगलं चाललेलं मेडिकल विकायला निघालं, की तिथे वर्षानुवर्षं काउंटर सांभाळणाऱ्या फार्मासिस्टच्या मनात येतं, हे आपणच का घेऊ नये? विचार अगदी रास्त आहे. गिऱ्हाईक बांधलेलं, आसपासचे डॉक्टर ओळखीचे, कोणता डिस्ट्रिब्यूटर किती दिवस थांबतो तेही पाठ. गाडं अडतं ते बँकेत.

धरा, मालक ३० लाख मागतो आहे. माल १२ लाखांचा. फर्निचर, फ्रीज, संगणक मिळून ३ लाख. उरलेले १५ लाख गुडविलचे, म्हणजे दुकानाच्या नावाचे आणि बांधलेल्या गिऱ्हाइकीचे. बँक पैसे देते ते मोजता येणाऱ्या वस्तूंवर. २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, धरलं तर मालावर ९ लाखांचं कॅश क्रेडिट आणि फर्निचरवर सव्वादोन लाखांचं मुदत कर्ज, म्हणजे सगळे मिळून सव्वाअकरा लाख. त्यातही ४ लाखांच्या मालाची उधारी तुमच्या अंगावर येणार असेल, तर बँक ती आधी वजा करते आणि ९ लाखांचे ६ होतात.

इथेच मालक हळूच सांगतो, ‘रिटर्नवर जाऊ नका, खरी कमाई दुप्पट आहे.’ असेलही. पण बँक तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, जीएसटीचे रिटर्न आणि खात्याचे उतारे पाहते आणि हप्ता कशातून फिटणार ते त्यावरूनच ठरवते. न दाखवलेल्या नफ्यावर किंमत मोजायची आणि दाखवलेल्या नफ्यावर कर्ज मिळवायचं, या कात्रीत अनेक तरुण सापडतात आणि मग राहतं घर गहाण पडतं. किंमत कागदावरच्या नफ्यावरच ठरवा, असं माझं ठाम मत आहे.

सरकारी योजनांचा आधार इथे तोकडा पडतो. पीएमईजीपी या रोजगारनिर्मिती योजनेचं अनुदान चालतं दुकान विकत घ्यायला मिळत नाही. मुद्रा कर्जाच्या ‘तरुण’ गटाची मर्यादा १० लाख. २० लाखांपर्यंतचं कर्ज आधीचं ‘तरुण’ कर्ज फेडलेल्यालाच मिळतं. सीजीटीएमएसई या लघुउद्योगांसाठीच्या पतहमी निधीच्या हमीमुळे तारण टळू शकतं, पण तेवढ्यानं बँक गुडविलची किंमत धरू लागत नाही. अमेरिकेत सरकारी हमीच्या ‘सेव्हन-ए’ कर्जातून ५० लाख डॉलरपर्यंत चालता धंदा गुडविलसकट घेता येतो. आपल्याकडेही अशी सोय व्हायला हवी, कारण मुलं धंद्यात यायला तयार नाहीत म्हणून चांगली दुकानं बंद पडताना आपण पाहतो आहोत.

तोवर गुडविलच्या रकमेसाठी विकणाऱ्यालाच थांबायला सांगावं. ते १५ लाख दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत, लेखी करारानं. आपल्या गिऱ्हाइकीवर ज्याचा विश्वास आहे, तो निदान अर्ध्या रकमेला तरी तयार होतो. जो एक पैसाही मागे ठेवायला राजी नाही, त्याच्या वह्या पुन्हा तपासा.

थांबवलेल्या रकमेचा आणखी एक उपयोग आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार, धंदा हस्तांतरित होईपर्यंतच्या थकीत करासाठी विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात. नोटीस वर्षभरानंतरही येऊ शकते. अशी थकबाकी हप्त्यातून वळती करून घेण्याचं कलम करारात असू द्या. औषधविक्रीचा जुना परवाना तुमच्या नावावर आपोआप होत नाही, नवा काढावा लागतो. जागा भाड्याची असेल तर भाडेकरारही नवा. हे दोन्ही कागद हातात येईपर्यंत इसाऱ्यापलीकडे रक्कम देऊ नका, आणि बँकेलाही कर्ज त्यानंतरच वितरित करायला सांगा.