समई आणि बॅटरी

पौषातल्या एका सकाळी ग्वाल्हेरच्या थंडीने आमची मोटार मुकी केली. बॅटरी उतरवून आम्ही ती मधल्या घरात आणली, दारेखिडक्या लावून घेतल्या आणि चार्जर जोडला. शेजारीच देवघरात समई तेवत होती. घटकाभराने सौभाग्यवतींनी विचारले, “हा उग्र दर्प कसला?” तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

दर्प होता तो आम्लाच्या तुषारांचा. खरा वैरी गंधहीन असतो. चार्जिंगच्या अखेरीस बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघतो. हवेत तो शेकडा ४ झाला की एखादी ठिणगीही स्फोटास पुरते. ज्योतीची तर गोष्टच नको. म्हणून बॅटरी उघड्या पडवीत ठेवावी.

ठिणगी बहुधा चिमटे लावता-काढताना पडते. यास्तव चार्जर बंद असतानाच तांबडा चिमटा अधिक टोकास व काळा उणे टोकास लावावा, मगच बटण दाबावे. काढताना आधी बटण बंद करावे. हातातली अंगठीही काढून ठेवावी; दोन टोकांमध्ये धातू आला तर तो क्षणात तापून बोट भाजते.

३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस साडेतीन अँपिअरचा प्रवाह पुरे. रात्रभर लागेल, लागू द्यावी. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पाणी उणे असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे, आम्ल नव्हे. डोळ्यात आम्ल उडाल्यास निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन तडक डॉक्टर गाठावा.

आमची बॅटरी आता पडवीत असते. समई मात्र जागची हललेली नाही.