उसना गोलरक्षक

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान उभे राहते. ध्यानचंदांची काठी, तिला जणू चिकटूनच पळणारा चेंडू आणि १९३६ साली बर्लिनमध्ये जर्मनीवर चढवलेले आठ गोल, हे सारे आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो. पण कॅनडात आणि अमेरिकेच्या थंड मुलखात जाऊन 'हॉकी' म्हणा. तिथल्या शेंबड्या पोरालाही मैदान आठवणार नाही, बर्फ आठवेल.

तिथली हॉकी बर्फावरची. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत लांब काठ्या आणि चेंडूच्या जागी टणक रबराची काळी चकती. एका बाजूला सहा गडी. त्यांतला एक गोलरक्षक. चकती बंदुकीच्या गोळीसारखी सुसाटत येते, आणि त्या काळी तर गोलरक्षकाच्या तोंडावर मुखवटाही नसे. आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी गंमत तिच्यातच आहे. त्या काळी संघाबरोबर गोलरक्षक असे तो एकच. दुसरा राखीव म्हणून बाकावर बसवून ठेवण्याची चैन कोणी करीत नसे.

ही हकिकत आहे १९३८ सालच्या वसंतातली, आणि तिचा नायक आहे शिकागोचा 'ब्लॅक हॉक्स' हा संघ. नायक म्हणावे असे त्याच्यात काही नव्हते, हेच तर या हकिकतीचे वैशिष्ट्य!

पंचाच्या हाती संघ

संघाचे मालक मेजर फ्रेडरिक मॅक्लॉक्लिन हे कॉफीचे व्यापारी आणि मोठे हट्टी गृहस्थ. प्रशिक्षक नेमावा आणि मनासारखे झाले नाही की घरी पाठवावा, ही त्यांची रीत. अमेरिकेत अमेरिकन खेळाडूंचाच संघ हवा, हा त्यांचा आणखी एक छंद. त्या वेळी या खेळात जवळजवळ सारे गडी कॅनडाचे असत. तरी मेजरसाहेबांनी आपल्या संघात आठ अमेरिकन भरले. जाणत्यांनी माना हलवल्या.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी आणला बिल स्ट्युअर्ट. हा उन्हाळ्यात बेसबॉलचा पंच आणि हिवाळ्यात हॉकीचा पंच. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाच्या हाती त्यांनी संघ दिला!

हंगामाचे अठ्ठेचाळीस सामने झाले. ब्लॅक हॉक्सनी जिंकले चौदा, हरले पंचवीस, बरोबरीत सुटले नऊ. आपल्या गटात चौथ्या आलेल्या डेट्रॉइटपेक्षा त्यांचे गुण अवघे दोन जास्त भरले, आणि तेवढ्यावर ते बाद फेरीत शिरले. परीक्षेत पस्तीस गुणांवर वर चढलेल्या मुलाकडून स्कॉलरशिपची अपेक्षा कोण करणार?

तीनांतले दोन

पण बाद फेरीचे गणित निराळे असते. अठ्ठेचाळीस सामन्यांत खरा बलवान कोण ते कळते. तीन सामन्यांत मात्र त्या आठवड्यात कोण जिद्दीने उभा राहिला एवढेच कळते.

पहिली गाठ माँट्रियलच्या कॅनेडियन्सशी. तिथे जाऊन ब्लॅक हॉक्स पहिला सामना ६-४ असा हरले. झाले, आता गाशा गुंडाळणार, असे वाटत असतानाच घरच्या बर्फावर त्यांनी ४-० अशी परतफेड केली. तिसरा सामना पुन्हा माँट्रियलला. नियमित वेळ संपली तेव्हा दोन-दोन गोलांची बरोबरी. जादा वेळात पॉल थॉम्पसनने चकती जाळ्यात घातली आणि माँट्रियलचे प्रेक्षागृह चिडीचूप झाले.

दुसरी गाठ न्यूयॉर्कच्या अमेरिकन्स संघाशी. पुन्हा तेच, पहिला सामना हरले! दुसऱ्यात दोन्हीकडून एकही गोल होईना. जादा वेळाचा पहिला डाव संपला, दुसरा सुरू झाला, आणि अखेर कली डाल्स्ट्रॉम या नवख्या गड्याने कोंडी फोडली. तिसरा सामना ३-२ असा जिंकून संघ अंतिम फेरीत आला. पण याच सामन्यात गोलरक्षक माइक काराकास याच्या पायाचा अंगठा मोडला.

शोधाशोध

अंतिम लढत टोरांटोच्या मेपल लीफ्सशी. पाचांतले तीन सामने जिंकील त्याचा चषक. पहिला सामना ५ एप्रिलला टोरांटोत. काराकासचा पाय सुजून बुटात जाईना. लग्नघरी पंगतीच्या दिवशी आचारीच तापाने फणफणावा, तशी स्ट्युअर्टची अवस्था झाली.

योगायोगाने न्यूयॉर्क रेंजर्सचा नामांकित गोलरक्षक डेव्ह कर त्या दिवशी टोरांटोत होता. त्याला उसना घ्यावा, असे शिकागोवाल्यांनी म्हटले. पण उसन्या गड्याला प्रतिपक्षाची संमती लागे, आणि टोरांटोचे चालक कॉन स्माइथ यांनी साफ नकार दिला. त्यांनी अनुमती दिली ती ॲल्फी मूर या, दुय्यम दर्जाच्या सामन्यांत खेळणाऱ्या गोलरक्षकाला. यावरून स्ट्युअर्ट आणि स्माइथ यांची बोलाचाली झाली आणि अखेर प्रकरण गुद्द्यांवर आले!

मूर टोरांटोचाच रहिवासी. त्याला आणायला कोण गेले, तो कुठे सापडला, याच्या अनेक कथा आहेत. त्यांतली सर्वांची आवडती अशी, की शिकागोचा जॉनी गॉटसेलिग त्याच्या घरी गेला, तर पत्नीने सांगितले, ते गुत्त्यावर बसले आहेत. मूर तिथे सापडला. दोनचार पेले आधीच पोटात गेले होते. गॉटसेलिगला पाहताच त्यानेच विचारले म्हणे, की आजच्या सामन्याचे एखादे तिकीट मिळेल का? तिकीट तर मिळालेच, आणि जागाही सगळ्यांत पुढची! मग कडक कॉफी पाजून त्याला बर्फावर उभे केले.

खेळ सुरू होऊन दोन मिनिटेही झाली नव्हती, तोच टोरांटोच्या ड्रिलनने गोल केला. प्रेक्षकांत हशा पिकला असेल. पण तो गोल शेवटचा ठरला. पुढे टोरांटोने काय वाटेल ते केले, तरी मूरने एकही चकती आत जाऊ दिली नाही. इकडे गॉटसेलिगने दोन आणि थॉम्पसनने एक गोल करून सामना ३-१ असा खिशात घातला. सामना संपल्यावर मूरने टोरांटोवाल्यांकडे वळून नाकाला अंगठा लावला आणि बोटे नाचवून दाखवली. सभ्यतेला धरून नव्हते खरे. पण नको म्हणून आपल्या माथी मारलेला माणूस एवढे तरी करणारच!

पोलादी बूट

दुसऱ्या सामन्यासाठी लीगच्या अध्यक्षांनी मूरला अपात्र ठरवले. मग पॉल गुडमन या तरुणाला उभे केले. थोरल्या लीगमधला त्याचा हा पहिलाच सामना. बिचाऱ्याने ५-१ असा मार खाल्ला. त्याच सामन्यात शिकागोच्या डॉक रोमनेसचे नाकही फुटले. हा रोमनेस असा सालस, की १९३६ साली सभ्य खेळाबद्दलचे पारितोषिक त्यालाच मिळाले होते.

तिसरा सामना शिकागोत, १० एप्रिलला. अठरा हजार चारशे सत्त्याण्णव प्रेक्षक जमले. त्या काळचा तो उच्चांक होता. चौदा सामने जिंकलेल्या संघासाठी एवढी गर्दी! काराकास आला तो अंगठ्यावर पोलादी आवरण असलेला खास बूट घालून. रोमनेस आला तो फुटलेले नाक जपण्यासाठी अमेरिकन फुटबॉलचे शिरस्त्राण चढवून. ही लंगडी-जायबंदी सेना २-१ अशी जिंकली, आणि विजयाचा गोल केला तो नाक फुटलेल्या रोमनेसनेच.

१२ एप्रिलचा चौथा सामना त्यांनी ४-१ असा जिंकला. स्टॅन्ले चषक शिकागोचा झाला. पण चषक होता कुठे? लीगने तो टोरांटोला ठेवला होता. शिकागोत त्याची गरज पडेल असे कोणाला वाटलेच नव्हते. विजेत्यांनी रिकाम्या हातांनीच जल्लोष केला.

पुढे काय झाले?

गोष्टीतले राजे पुढे सुखाने नांदतात; मैदानातले नांदतीलच असे नाही. पुढच्याच हंगामात शिकागोचा संघ सात संघांत सातवा आला, आणि १९३९ चा जानेवारी सरण्याच्या आत मेजरसाहेबांनी स्ट्युअर्टला नारळ दिला. चषक जिंकणारा तो अमेरिकेत जन्मलेला प्रशिक्षक. पण त्याचेही त्यांना अप्रूप वाटले नाही. शिकागोला पुन्हा चषक मिळायला १९६१ साल उजाडावे लागले. आणि हंगामात निम्म्याहून कमी गुण मिळवून चषक नेण्याचा १९३८ चा विक्रम नीचांक म्हणून आजही पुस्तकांत नोंदलेला आहे.

आणि मूर? त्याला संघाने तीनशे डॉलर आणि एक सोन्याचे घड्याळ दिले. त्या मालिकेत त्याने पुन्हा बर्फावर पाऊल ठेवले नाही. त्याच्या वाट्याला आला तो एकच सामना, एकच रात्र. पण तो पहिला सामना हातचा गेला असता, तर दुसऱ्यातल्या पराभवानंतर पोलादी बूट आणि शिरस्त्राण यांचा काय उपयोग होता?

आपल्याही आयुष्यात असे बोलावणे क्वचित येते. आधी कळवून येत नाही, तयारीला वेळ देत नाही, आणि बहुधा दुसरा कोणी मिळाला नाही म्हणूनच आपल्या दाराशी येते. तेव्हा मान-अपमान बाजूला ठेवून उठायचे आणि जाळ्यापुढे उभे राहायचे. गुत्त्यावरून उठून गेलेल्या ॲल्फी मूरने त्या संध्याकाळी याहून वेगळे काय केले होते?