धानाच्या बांधीतील जवस व मधुमेही माणसाचे ताट

भंडारा जिल्ह्यात धान कापणीस येण्यापूर्वी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात जवस किंवा लाखोरी फेकण्याची चाल फार जुनी आहे. या उतेरा पद्धतीस वेगळी नांगरट लागत नाही. तरीही जवसाचा पेरा घटत गेला आणि घाणीच्या तेलाची जागा बाजारच्या डब्याने घेतली. शहरातील सुखवस्तूंचा म्हणून समजला जाणारा मधुमेह दरम्यान खेड्यांतही शिरला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत.

जवसाच्या दाण्यात सुमारे 40 टक्के तेल असते व त्यातील निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक या स्निग्धाम्लाचा असतो. हे आम्ल शरीरास स्वतः तयार करता येत नाही. मधुमेहात हृदय व रक्तवाहिन्यांस अधिक धोका असल्याने, वनस्पती तुपासारख्या घट्ट स्निग्धाऐवजी अशी असंपृक्त स्निग्धे घेणे हितावह ठरते. मात्र हे आम्ल प्राणवायूशी चटकन संयोग पावते. जवसाचे तेल दारास लावल्यावर हळूहळू वाळते ते याच गुणामुळे! म्हणून ते ताजेच वापरावे. तळणास योजू नये.

स्निग्धांचे असे बिघडणे रोखण्याचे काम ई जीवनसत्त्व करते. ते कोंड्याच्या तेलात व शेंगदाण्यात असते. क जीवनसत्त्व आवळ्यात व पेरूत विपुल आहे. परंतु यांच्या गोळ्यांवर पैसा खर्चण्यात अर्थ नाही. 2000 सालच्या मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने हृदयविकार टळला नाही. 2018 साली ब्रिटनमधील 15,000 हून अधिक मधुमेहींवरील चाचणीत माशाच्या तेलातील स्निग्धाम्लांच्या गोळ्यांबाबतही तेच आढळले.

जवस अख्खे खाल्ल्यास बहुतांशी तसेच बाहेर पडते. ते मंद भाजून, कुटून, दोन लहान चमचे चटणीच्या रूपाने घ्यावे व भरपूर पाणी प्यावे. चटणीची भर घालताना भाताचा वाढा कमी करावा, कारण साखर वाढविण्यात पॉलिश केलेल्या तांदळाचाच वाटा मोठा असतो. वैद्याचे औषध चालूच ठेवावे. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी प्रथम त्यांस विचारावे.

घरापुरते जवस एका बांधीतही निघते. बांधीस भेगा पडण्यापूर्वी बी फेकावे, अन्यथा ते रुजत नाही.