जुन्या गाडीतला लपणारा फॉल्ट

वायरमनच्या दारात गेलं की गाडी शहाण्यासारखी वागते. रात्री नगर-मनमाड रस्त्यावर खड्ड्यागणिक हेडलाइट मंद होत होते, राहुरीत चहाला थांबून पुन्हा सेल्फ मारला तर नुसता 'टक्' आवाज. सकाळी बघावं तर सगळं ठणठणीत. मग अंदाजपंचे बॅटरी बदलली जाते. आठवड्याभरात फॉल्ट परत आला की सेल्फ उतरवला जातो. एमएच-१६ आणि एमएच-१७ पाटीच्या जुन्या मारुती ८०० आणि सुमो सांभाळणाऱ्यांना हा खर्चाचा रस्ता चांगला ठाऊक आहे. फॉल्ट हजर नसताना केलेली तपासणी म्हणजे ताप उतरल्यावर लावलेलं थर्मामीटर. फॉल्टला आधी हजर करावं लागतं.

त्यासाठी पाना हातात घेण्याआधी थोडी विचारपूस. बिघाड धक्क्याने येतो, तापल्यावर येतो, ओलीने येतो की लोड वाढल्यावर? धक्क्याने येत असेल तर लूज कनेक्शन किंवा आतून तुटलेली वायर. अर्ध्या तासाने इंजिन बंद पडून गार झाल्यावर पुन्हा चालू होत असेल तर इग्निशन कॉइल, इग्नायटर किंवा रिलेवर संशय घ्यावा. आपल्या नगर जिल्ह्यात तर एकाच गाडीला सगळे ऋतू भेटतात. भंडारदऱ्याच्या पावसात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरते आणि पाथर्डी-जामखेडच्या उन्हात इन्सुलेशन टेपचा डिंक वितळून जोड उघडे पडतात.

नगरजवळ वाहननगरला व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिथे गाड्यांची परीक्षा घ्यायला खास ट्रॅक बांधलेले आहेत. गाडीला त्रास द्यायचा आणि ती कुठे कुरकुरते ते बघायचं, हेच घरच्या अंगणातही करता येतं. तिथला ट्रॅक नसला तरी आपल्या रस्त्यांनी ती कसर भरून काढली आहे म्हणा.

सुरुवात अर्थपासून करा. जुन्या गाडीत निम्मी भानगड तिथेच सापडते. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनाला जोडलेली असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याला करंट परत न्यायला वेगळी केबल किंवा विणलेली पट्टी लागते. तिच्या बोल्टखाली गंज किंवा रंग आला की करंट दुसरी वाट शोधतो. अर्थ टेललॅम्पची खराब असेल तर इंडिकेटर लावला की टेललॅम्पही लुकलुकतो, आणि इंजिनाची असेल तर कधी सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल चक्क गरम होते.

आता मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. हे बरोबर असेल तर काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या खांबावर. कारण क्लॅम्प आणि खांब यांच्या मधली पांढरी-हिरवी भुकटीच बरेचदा गुन्हेगार असते. लाल पिन इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगली आहे. एक व्होल्ट दिसला तर सेल्फच्या वाटणीचा एक व्होल्ट ती वाट खाते आहे. हेडलाइट लावून त्यांची अर्थही अशीच तपासा.

ओम मोजून हे का कळत नाही? सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल तर ०.०१ ओमच्या खराब जोडावर दीड व्होल्ट खर्च होतो, आणि साधं मीटर ०.०१ ओम धड दाखवूच शकत नाही. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मीटर बीप वाजवून पास करतं. लोड आला की मात्र ती एक तार काय काय ओढणार? अशी वायर सोलून बघा: वरचं आवरण धड, आत तांबं हिरवं-काळं पडलेलं, बोटाने चोळलं की पावडर होतं.

म्हणून टेस्ट लॅम्पमध्ये एलईडी नको, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. संशयित सर्किटच्या टोकाला लॅम्प लावून वायरिंग वीतवीतभर हलवत जा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातलं रबरी ग्रोमेट, दाराची बिजागरी, स्टिअरिंगखालची वायरिंग, फ्यूज बॉक्सची मागची बाजू. बल्ब जिथे लुकलुकला तिथे थांबा. उष्णतेचा संशय असेल तर हेअर ड्रायर, ओलीचा असेल तर फवाऱ्याची बाटली. अंधारात प्लगच्या वायरींवर हलकं पाणी फवारलं की गळणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. मात्र तेव्हा हात लांब ठेवा.

मधूनच उडणाऱ्या फ्यूजचं तंत्र वेगळं. उसाच्या पट्ट्यात तोडणी झाली की उंदीर घराकडे, गोठ्याकडे आणि बॉनेटखाली येतात. कुरतडलेली वायर धक्क्याला पत्र्याला टेकते आणि फ्यूज जातो. फ्यूज काढून त्याच्या जागेच्या दोन टोकांत तोच २१ वॅटचा बल्ब जोडा, त्या सर्किटवरचे दिवे-पंखे बंद ठेवा आणि वायरिंग हलवा. शॉर्ट झाला की बल्ब लख्ख पेटेल, वायर जळणार नाही. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटची चांदी घालणाऱ्याला मात्र गाडीला हात लावू देऊ नये. तेवढ्याने गाडी पेटते.

हेडलाइट मंद होण्यामागे कधी फक्त स्विच असतो. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे नऊ अँपिअर, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तो सगळा करंट स्विचमधूनच जातो. तिथे रिले बसवला की स्विचवरचा भार जातो आणि उजेडही वाढतो. पिळून टेप मारलेले म्युझिक सिस्टिमचे, हॉर्नचे जोड उघडून लग दाबून घ्या, वर श्रिंक स्लीव्ह चढवा.

दुरुस्तीनंतर मीटर पुन्हा त्याच दोन जागी लावा, आधीचा आकडा आणि आताचा शेजारी लिहा, आणि गाडी त्याच रस्त्याने, तितकीच तापवून फिरवा. एमपीएफआय गाडीत सेन्सरच्या आणि ईसीयूच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका. तिथे डिजिटल मीटरच. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला कशानेही डिवचू नका.