उघडे वायफाय, उघडे दार

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर पनवेलच्या आमच्या वस्तीतील एक भगिनी जुना लॅपटॉप घेऊन आम्हांस भेटल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी तो मुलीसाठी सेकंडहँड घेतला आहे. त्यात विंडोज ७ आहे. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, गुणपत्रिका, सारे त्यातच. घरात घेतलेले नवे वायफाय त्याला जुळेना, म्हणून जोडणी देणाऱ्याने पासवर्डच काढून टाकला! "दादा, आता बघा कसं झकास चालतं," असे त्या म्हणाल्या. आम्हांला मात्र सानपाडा आठवले.

सानपाडा म्हणजे आपल्याच हार्बर मार्गावरचे स्टेशन. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढीत पोलीस पोहोचले ते सानपाड्याच्या एका अमेरिकन भाडेकरूच्या घरी. त्याचे संगणक ताब्यात घेतले, चौकशी झाली. अखेर उमगले की त्याचे वायफाय उघडे होते आणि भलत्यानेच ते वापरले होते. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

बंधू-भगिनींनो, जोडणी ज्याच्या नावावर, पहिला जाब त्यालाच विचारला जातो. असा प्रसंग आपल्या वस्तीतील मुलावर आला तर? वकिलाचा खर्च कोणी करायचा? हातची नोकरी टिकेल काय?

कोणी म्हणेल, पाणी सर्वांना खुले असावे म्हणून बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात महाडला सत्याग्रह केला. मग शेजाऱ्याला वायफाय का नाकारावे? नाकारू नयेच. परंतु तळ्याच्या पाण्यावर पिणाऱ्याचे नाव उमटत नाही. वायफायवर मात्र आपले नाव उमटते. म्हणून द्यावे, पण ओळखीच्याला, पासवर्डसह. बऱ्याच राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय असते, ते शेजाऱ्यांना द्यावे.

आता मूळ अडचण. २०१८ साली डब्ल्यूपीए-थ्री हे नवे कुलूप आले. विंडोज ७ ला ते उघडता येत नाही. राऊटरवर केवळ तेच लावले असेल तर जुना लॅपटॉप बाहेरच राहतो. यावर कुलूप काढणे हा उपाय नव्हे. राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर पत्ता असतो, तो मोबाईलवर उघडावा. तेथे सुरक्षिततेच्या रकान्यात 'डब्ल्यूपीए-टू पर्सनल' व 'एईएस' निवडावे. डब्ल्यूपीए-टू व थ्री मिश्र पर्याय असेल तर तोही चालतो. 'डब्ल्यूईपी' मात्र निवडू नये. ते कुलूप २००१ सालीच फुटले. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा ठेवावा. स्वतःचे नाव, जन्मतारीख वा मोबाईल नंबर नको. राऊटरच्या आत शिरण्याचा, कंपनीकडून आलेला पासवर्डही बदलावा आणि 'डब्ल्यूपीएस' बंद करावे. मग लॅपटॉपवर कोपऱ्यातील वायफायच्या चिन्हावर क्लिक करून नवा पासवर्ड घालावा.

एवढ्याने वायफाय सुरक्षित होते, लॅपटॉप नव्हे. विंडोज ७ ला कंपनीने १४ जानेवारी २०२० पासून दुरुस्त्या देणे थांबवले. अभ्यासाला तो लॅपटॉप ठीक. बँकेचा व्यवहार त्यावर करू नये.

त्या भगिनींच्या घरी जाऊन आम्ही हे सारे त्यांच्या मुलीच्या हातून करवून घेतले. अर्धा तासही लागला नाही. आता शेजारच्या दोन घरांत तीच दाखवून आली आहे. भगवान बुद्धांनी अप्पमाद, म्हणजे सावधपण, शिकवले. ते घरच्या वायफायलाही लागू आहे. आजच आपले वायफाय तपासा, शेजाऱ्यालाही सांगा.

जयभीम!